धाब्याच्या घरात वाढलेल्या माणसाने पाहिलेला रत्नागिरीचा थिबा राजवाडा

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार. घरबांधणीविषयी आस्था असलेले खानदेशातले बरेच सभासद येथे आहेत, म्हणून हा विषय येथेच मांडतो.

रत्नागिरीचा थिबा राजवाडा मी याआधी दोनदा पाहिला होता. दोन्ही वेळा उन्हाळ्याची सुटी होती आणि दोन्ही वेळा मी दालने, कोरीव काम आणि खालचे संग्रहालय पाहून परतलो. गेल्या जूनमध्ये मुलीकडे गेलो असताना भर पावसात तिसऱ्यांदा गेलो, आणि ते घर कशासाठी तसे बांधले आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. चाळीस वर्षे बांधकामाच्या कामात काढूनही हे आधी ध्यानात आले नाही, याचे कारण मी ते घर खानदेशी डोळ्यांनी पाहत होतो. आपल्याकडे घर उन्हासाठी बांधतात, वर धाबे म्हणजे मातीचे सपाट छप्पर घालून. तिथे ते पाण्यासाठी आणि वाऱ्यासाठी बांधतात.

ज्यांना इतिहास ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले घेतली, राजाला पदच्युत करून आधी मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले. पहिली चोवीस वर्षे राजा आणि राणी सुपयालत तिथल्या बंगल्यांत राहिले. हा तीन मजल्यांचा वाडा इंग्रज सरकारने बांधून पूर्ण केला तो १९१० साली. राजा त्यात जेमतेम सहा वर्षे राहिला, डिसेंबर १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. राणी १९१९ मध्ये रंगूनला परतली.

आता घराकडे येतो. वाडा शहराच्या बाजूच्या उंच सड्यावर आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट पठार. तेथून खाली भाट्याची खाडी, काजळी नदीचे मुख आणि त्यापलीकडे समुद्र दिसतो. म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारा पावसाळी वारा या घरावर कोणत्याही अडथळ्याशिवाय येऊन आदळतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जळगावात सातशेच्या आसपास, हे आकडे शाळेपासून पाठ असतात. पण पाऊस किती पडतो याइतकेच तो कोणत्या दिशेने पडतो हेही घराच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. आपला पाऊस बहुतेक वेळा वरून पडतो, तिथला आडवा येतो. त्याला तिकडे झड म्हणतात, आणि झडीपासून वाचायचे तर नुसते चांगले छप्पर असून भागत नाही, भिंतसुद्धा छपराखाली घ्यावी लागते.

त्या दिवशी मी वळचणीखाली, म्हणजे छपराच्या पुढे आलेल्या कडेखाली, उभा राहून अर्धा तास पागोळ्या पाहत होतो. उतरत्या छपरावरून पाणी वेगाने खाली येई, कडेवरून सुटे आणि भिंतीपासून लांब जमिनीवर पडे. भिंतीच्या बुडाशी जोत्यावर त्यातले फारसे पाणी पोचतच नव्हते. कौलारू छपराचा उतार साधारण ३० अंशांच्या आसपास ठेवतात. त्याहून कमी ठेवला तर वारा पाणी कौलांच्या सांध्यातून आत ढकलतो, फार वाढवला तर वादळात कौले सरकतात. आढे, वासे, रिपा आणि कौले एवढाच सगळा संसार असतो. मंगळुरी कौल अडीच किलोपर्यंत भरते आणि चौरस मीटरला साधारण १५ कौले लागतात, म्हणजे कौलांचा भार चाळीस किलोच्या आतच राहतो. आपले धाबे एक फूट जाडीचे धरले तर त्याच चौरस मीटरवर पावणेपाचशे ते पाचशे किलो माती बसलेली असते. बारा-तेरा पट भार! म्हणूनच आपल्या वाड्यांत खांब जवळजवळ, तुळया जाडजूड आणि खण, म्हणजे दोन खांबांमधली जागा, लहान. थिबा राजवाड्याच्या पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचे जे मोठे दालन आहे, त्याच्याएवढी मोकळी जागा आपल्या धाब्याच्या वाड्यात खांबांवाचून मिळणे शक्यच नाही, आणि त्याचे पहिले कारण छपराच्या वजनात आहे.

दुसरी गोष्ट उघड्या भागांची. या वाड्याची ओळख म्हणजे त्याच्या कोरीव लाकडी अर्धगोल खिडक्या. त्यांचे सौंदर्य सगळेच सांगतात, पण एवढ्या मोठ्या आणि इतक्या खिडक्या का ठेवल्या असतील याचा विचार करावा. किनाऱ्यावर मे महिन्यातही दिवस आणि रात्र यांच्या तापमानात सहा-सात अंशांचाच फरक असतो. हवा ओलसर असते, घाम वाळत नाही. तिथे भिंत कितीही जाड केली तरी उपयोग नाही, कारण भिंतीने साठवलेली उष्णता सोडायला थंड रात्रच मिळत नाही. माणसाला बरे वाटते ते अंगावरून वारा गेला तरच. त्यामुळे तिथले घर समोरासमोर उघडे ठेवतात, छत उंच घेतात, गरम हवा वर जाऊन निघून जाईल अशी वाट ठेवतात. आपल्याकडे हाच फरक पंधरा अंशांच्या आसपास असतो आणि दुपारचा वारा हा वारा नसून झळ असते. ती आत घेणे म्हणजे घराची भट्टी करणे. म्हणून आपल्या वाड्यांना रस्त्याकडे लहान झरोके आणि आतल्या बाजूला चौक.

१९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, त्यानंतर चारच वर्षांनी हा वाडा पूर्ण झाला. त्याच सुमारास आपल्याकडे कापसाच्या पैशावर मोठमोठे वाडे उभे राहत होते. एकाच मुंबई इलाख्यात, एकाच काळात आणि बरेचसे सागवानावरच आधारलेली ही दोन तऱ्हांची घरे शेजारी ठेवून पाहावीत अशी इच्छा आहे. ज्यांच्या घरी धाब्याचा जुना वाडा आहे किंवा होता, त्यांनी त्याची बांधणी जमेल तितक्या तपशिलाने येथे लिहावी, ही विनंती.

गिरणामाय (चाळीसगाव तालुका)

बोरीकाठ भाऊ, तुम्ही तपशील मागितला आहे म्हणून लिहिते. आमचा आजोबांचा वाडा चार वर्षांपूर्वी अर्धा उतरवला. तेव्हा धाबे मी वरून खालपर्यंत उकरताना पाहिले आहे.

सगळ्यात वर पांढरी माती होती, जी गावच्या जुन्या गढीवरून आणत. ही माती पाणी पडले की दाटून बसते आणि खाली जाऊ देत नाही. दर वर्षी मृगाच्या आधी आजी बायकांना घेऊन धाब्यावर चढे, भेगा पाहून नवा थर टाके, आणि उतार पन्हाळीकडे राहील असा तो हाताने सारवून घेई. त्याखाली साध्या मातीचा जाड थर, त्याखाली निंबाचा पाला, मग किलचण म्हणजे बारीक काटक्यांचा आडवा थर, मग कड्या म्हणजे तुळयांवर टेकलेली आडवी लाकडे, आणि शेवटी तुळई. पाला इतक्या वर्षांनंतरही काळा, चुरगळलेला, पण ओळखू येईल असा होता. वाळवी मात्र कुठेही नव्हती.

त्या अर्ध्या भागावर आम्ही स्लॅब टाकला. बांधून देणाऱ्याने घर थंड राहील असे सांगितले होते. एप्रिलमध्ये रात्री अकरा वाजताही छताला हात लावला तर ते कोमट लागते आणि पंखा गरम हवाच खाली ढकलतो. उरलेल्या धाब्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता आईला पंख्याशिवाय झोप लागते. हा फरक मी रोज भोगते आहे. जे उतरवले ते परत बांधता येत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

माझा प्रश्न असा आहे की धाब्याची माती उष्णता अडवते की उशीर करते? आई म्हणते, धाबे रात्री तापते.

बोरीकाठ

ताई, तुमच्या आईंचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. माती उष्णता पूर्णपणे अडवत नाही, उशीर करते. फूटभर मातीतून दुपारचे ऊन खालच्या बाजूला पोचायला आठ ते दहा तास लागतात. तोवर सूर्य मावळलेला असतो, बाहेरची हवा उतरलेली असते आणि घरातली माणसे बाजा घेऊन धाब्यावर झोपायला गेलेली असतात. म्हणजे खोली तापते तेव्हा खोलीत कोणी नसते. पाच इंची स्लॅबमध्ये हा उशीर तीन-चार तासांचाच असतो, म्हणून ऐन झोपेच्या वेळी तो आपली उष्णता खाली सोडत राहतो.

हीच युक्ती रत्नागिरीत नेली तर फसेल. रात्री बाहेर गारवा नाही, पावसाळ्याचे चार महिने माती वाळणार नाही, आणि झडीत पांढरी माती वाहून जाईल. कौलाचे छप्पर लवकर तापते आणि तितक्याच लवकर निवते. किनाऱ्यावर तेच हवे असते.

उरलेली खोली शक्य तर राखा. आणि जमल्यास त्या धाब्याची एकूण जाडी मोजून येथे लिहा, कारण मी वर धरलेला एक फूट हा अंदाज आहे.

सातपुडा पायथा (तळोदा)

आमच्याकडे अक्राणी-अक्कलकुव्याच्या जंगलातला साग पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला आहे आणि तो कोणत्याही सागापेक्षा कमी नाही, असे जुने सुतार छातीठोकपणे सांगत. थिबा राजवाड्यात ब्रह्मी साग आहे असे ऐकतो. सह्याद्रीत आणि सातपुड्यात साग असताना तो समुद्रापलीकडून आणण्याचे कारण काय असावे? राजाला आपल्या देशाचे लाकूड मिळावे म्हणून आणले असेल का?

बोरीकाठ

भावनेपेक्षा व्यवहाराचे कारण मला अधिक पटते. १९१० मध्ये रत्नागिरीला रेल्वे नव्हती, कोकण रेल्वे पूर्ण झाली ती १९९८ मध्ये. घाटातून बैलगाडीने मोठे ओंडके उतरवण्यापेक्षा ब्रह्मदेशातल्या मौलमीन किंवा रंगून बंदरातून जहाजाने मुंबईला आणि तेथून किनाऱ्याकिनाऱ्याने बंदरात आणणे सोपे होते. मंगळुरी कौलेही अशीच समुद्रमार्गे सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने मंगळूरला १८६५ मध्ये काढला होता. उलट आपल्याकडे तापी खोऱ्यातली रेल्वे आली, तसा जंगलातला माल आणि कापूस गाडीवर चढला. घर कोणत्या लाकडाचे होते ते बरेचदा माल कोणत्या वाटेने येतो यावर ठरते.

सातपुड्याच्या सागाविषयी तुमच्या सुतारांचे म्हणणे मी मान्य करतो. ब्रह्मी साग सरळ आणि लांब मिळे, त्यामुळे मोठ्या तुळयांना सोयीचा पडे. टिकाऊपणा दोन्हीकडे त्या लाकडातल्या तेलामुळेच येतो.

मात्र एक गोष्ट येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८८५ चे युद्ध ज्या निमित्ताने पेटले ते निमित्त सागाचेच होते. मुंबईत १८६३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन थिबाच्या जंगलांत साग तोडत असे. ओंडके जास्त नेले आणि पैसे कमी भरले, असे म्हणून त्याच्या दरबाराने कंपनीला मोठा दंड ठोठावला. त्या वादाचा आधार घेऊन इंग्रजांनी सैन्य पाठवले. ज्या लाकडावरून राज्य गेले, त्याच लाकडाच्या दारा-खिडक्यांत हात ठेवून तो राजा पुढे खाडीकडे पाहत असेल, हे मनात आले की त्या खिडक्यांचे कोरीव काम मला फार वेळ पाहवत नाही.

तापी ते काजळी (मूळ यावल, सध्या रत्नागिरी)

नऊ वर्षे येथे राहतो आहे, त्यामुळे दोन्हीकडचे थोडे लिहू शकतो.

पावसाबद्दल भाऊंनी उत्तम लिहिले आहे. पण येथे घराचा खरा शत्रू मीठ आहे. खारा वारा लोखंड खातो, आणि लोखंड गंजले की फुगते. दगडात किंवा चुन्यात बसवलेली गजाची टोके, बिजागऱ्यांचे खिळे, कठड्याचे गज गंजून फुगतात आणि सभोवतालचा दगड फोडून बाहेर येतात. माझ्या भाड्याच्या घराच्या खिडकीचा एक गज मी रोज पाहतो. त्याच्या बुडाशी आधी तांबूस डाग पडला, पुढच्या पावसाळ्यात केसाएवढी चीर, आणि तिसऱ्या वर्षी मुठीएवढा तुकडा हातात आला. आत गज पापुद्र्यांचा झाला होता, नखाने सुटत होता. शेजारच्या ऐंशी-नव्वद वर्षांच्या घरात लाकडी गज आहेत, लाकडी खुंट्या आहेत, आणि ते अजून ठाकठीक आहे.

जांभ्याबद्दलही सांगतो. खाणीतून काढताना हा दगड इतका मऊ असतो की हत्याराने त्याचे चिरे पाडता येतात, आणि हवेवर राहिला की तो कडक होतो. पण तो सच्छिद्र असतो, पाणी पितो. पाणी पितो तसे त्याला सुकूही दिले पाहिजे, म्हणून येथले जुने लोक त्याला उघडा ठेवत किंवा चुन्याचा गिलावा देत. किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना भाजत. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. आमच्या गल्लीतल्या एका जुन्या घराच्या मालकाने चिऱ्याच्या भिंतीवर आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. दोनच पावसाळ्यांत भिंतीला लोणा लागला, आत पांढरी बुरशीसारखी मिठाची पूड फुटली आणि गिलावा ताटाएवढ्या पोपड्यांनी गळला. पाणी आत अडकले, मीठ पाण्याबरोबर पृष्ठभागापर्यंत आले आणि तेथे त्याचे खडे होऊन त्यांनीच गिलावा ढकलला.

थिबा राजवाडा राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे. अशा इमारतीची निगा म्हणजे दर वर्षी मेमध्ये कौले परतणे, पन्हाळी साफ करणे, लाकडाला तेल देणे. ही कामे कोणाला दिसत नाहीत, पण समुद्रकाठचे घर त्यांच्यावरच उभे राहते. आमच्या यावलला धाब्यावर माती टाकत तेही हेच काम होते.

पांझरा (धुळे)

चर्चा फार आवडली, पण एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. आपण सगळे 'राजवाडा' म्हणतो आणि काही जण त्याला ब्रह्मी शैलीचा म्हणतात. मला त्यात बंगल्याचीच बांधणी अधिक दिसते. मंडालेचा राजवाडा थिबाच्या वडिलांनी, मिंडोन राजाने, १८५७ ते १८५९ या काळात सागवानी लाकडात बांधला होता आणि त्याच्या इमारती एकमजली होत्या, कारण राजाच्या डोक्यावर कोणी चालणे अशुभ मानले जाई. मग तीन मजली घराला ब्रह्मी कसे म्हणावे?

बोरीकाठ

तुमच्या आक्षेपात तथ्य आहे, आणि मी त्यात आणखी एक भर घालतो. मंडालेच्या सिंहासनाच्या दालनावर सात टप्प्यांचे निमुळते लाकडी शिखर होते. असे टप्प्याटप्प्यांचे छप्पर तिकडे राजाच्या आणि धर्माच्या वास्तूंनाच शोभे. सत्ता छपरावरून ओळखली जाई. रत्नागिरीच्या छपरांवर ते शिखर नाही. राजाला मोठे घर दिले, संगमरवर दिला, पण ज्या एका गोष्टीने ते घर राजाचे ठरले असते ती दिली नाही. ही बांधणारांची जाणूनबुजून केलेली कृती होती असा माझा दावा नाही, परंतु ज्या माणसाने लहानपणापासून ते शिखर पाहिले होते त्याला त्याची उणीव जाणवल्यावाचून राहिली नसेल.

तरीही 'बंगला' या शब्दाकडेही नीट पाहावे. तो शब्द बंगालच्या 'बांगला' घरावरून आला, आणि भोवती पडवी असलेले घर आपल्या लोकांना नवे नव्हते. कोकणातले कौलारू घर, ओटी, पडवी, पुढे आलेली वळचण हे सारे तिथे आधीपासून होते. इंग्रज अभियंत्यांनी त्याचा आकार वाढवला, मजले चढवले, नकाशा समतोल केला. पाऊस मात्र त्यांना स्थानिक रीतीनेच हाताळावा लागला. म्हणून मी या घराला ब्रह्मीही म्हणत नाही आणि इंग्रजीही म्हणत नाही. छपरापुरते ते कोकणी आहे.

मंडालेचा तो राजवाडा १९४५ मध्ये युद्धात जळाला. त्यातले एक दालन थिबानेच गादीवर आल्यानंतर उतरवून बाहेर नेऊन मठ म्हणून पुन्हा उभारले होते. वडील तिथे वारले म्हणून ते त्याला आत नको होते. उतरवल्यामुळे तेवढे वाचले, आणि सोन्याचा मुलामा झिजलेले त्याचे सागवानी कोरीव काम आजही मंडालेत पाहता येते. लाकडाचे घर सुटे करून दुसरीकडे नेता येते, हा त्याचा मोठा गुण आहे. गिरणामाय ताई, उतरवलेल्या अर्ध्या भागाच्या तुळया कुठे आहेत?

गिरणामाय

तुळया विकल्या नाहीत. गोठ्यात आडव्या रचून ठेवल्या आहेत, खाली विटा देऊन, म्हणजे ओल लागू नये. एकूण अकरा आहेत आणि दोन खांबांवर कोरलेली कमळे आहेत.

आज सकाळी उरलेल्या खोलीच्या तुटक्या कडेला शिडी लावून धाब्याची जाडी मोजली. किलचणीच्या वरपासून माथ्यापर्यंत साडेचौदा इंच भरली. त्यातले वरचे साडेपाच इंच पांढऱ्या मातीचे आहेत. सुरीने कड तासली तेव्हा त्यात कागदाच्या गठ्ठ्यासारखे थर दिसले. मी सत्तावीसपर्यंत मोजले, त्याखालचे एकमेकांत मिसळले आहेत. आई खालून सांगत होती की वरचे नऊ तिने टाकलेले आहेत आणि त्याखालचे आजीचे.